दातांचा पूल : भार कोणावर?

मूर्तिजापूरला प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आमच्या परिचयाच्या आहेत. त्या अकरा-बारा वर्षांच्या असताना त्यांची डावीकडची खालची एक दाढ किडली आणि रात्रभर ठणकली. ‘दुधाचाच तं दात हाये, पडला का येईनच नवा,’ असे आजी म्हणाली आणि दाढ काढून टाकली गेली. नवा दात काही आला नाही. तीस वर्षे ती जागा रिकामीच राहिली.

अलीकडे त्या बाजूला घास अडकू लागला. मागची दाढ पुढे कलल्यासारखी दिसू लागली, तर वरची दाढ खाली उतरून रिकाम्या जागेत डोकावू लागली. बाई अकोल्याला दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी तपासून सांगितले, “ब्रिज, म्हणजे पूल बसवता येईल. मात्र त्यासाठी पुढचा आणि मागचा असे दोन्ही दात चारही बाजूंनी घासून बारीक करावे लागतील.”

बाईंनी लगेच विचारले, “एका दातासाठी दोन दात घासायचे? हा कुठला हिशेब, डॉक्टर?”

प्रश्न अगदी योग्य होता. या लेखात आपण तोच हिशेब मांडून पाहू.

रिकामी जागा रिकामी राहत नाही

भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा दात हाडात घट्ट रुतलेला असतो, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर रुंदीची फट असते आणि तीत असंख्य बारीक तंतू असतात. खाटेवरचा माणूस जसा सुतळीवर पेललेला असतो, तसा दात या तंतूंवर पेललेला असतो. घास चावताना तो किंचित दबतो आणि पुन्हा वर येतो. या तंतूंमध्ये दाब ओळखणारे मज्जातंतूही असतात. भातातला बारीकसा खडा दाताखाली आला की जबडा आपोआप थांबतो, तो त्यांच्यामुळेच.

असा अधांतरी पेललेला दात आपल्या जागी का राहतो? दोन्ही बाजूंनी शेजारचे दात, समोरून दुसऱ्या जबड्यातला दात, बाहेरून गाल आणि ओठ, आतून जीभ, असे सगळे मिळून त्याला सावरतात. यातला एक आधार गेला की तोल बिघडतो. मागची दाढ पुढे कलते. समोरच्या दाताला टेकायला काही उरत नाही, म्हणून तो हळूहळू बाहेर येत राहतो. कललेल्या दातांच्या सांदीत अन्न साठते, तिथे कीड लागते आणि हिरडी सुजते.

हाडाचेही तसेच. दाताच्या मुळातून येणारा दाब हा हाडाला टिकून राहण्याचा इशारा असतो. मूळ गेले की तिथले हाड झिजू लागते. ही झीज पहिल्या वर्षात सर्वांत जास्त होते, पुढे मंद गतीने चालू राहते. हे सर्व प्रत्येकाच्या तोंडात सारख्याच वेगाने घडते असे मात्र नाही. काहींचे दात वर्षानुवर्षे जागचे हलत नाहीत. म्हणून दात गेला की त्या जागेवर लक्ष ठेवावे लागते.

पूल म्हणजे काय?

मूर्तिजापूर जंक्शनवरून एका बाजूला अचलपूर आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळ अशी धावणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ वऱ्हाडात सर्वांना माहीत होती. आता ती बंद आहे. नाल्यावरच्या पुलावरून ती गेली की तिचा भार तुळईवरून दोन्ही बाजूंच्या खांबांवर आणि तिथून जमिनीत जाई. मधल्या नाल्यावर काहीच भार येत नसे.

दातांच्या पुलाचेही हेच तत्त्व आहे. रिकाम्या जागेच्या पुढचा आणि मागचा दात हे खांब. या खांब-दातांवर टोपीसारखी एकेक कॅप बसते आणि या दोन टोप्यांना जोडलेला कृत्रिम दात मधल्या रिकाम्या जागेवर राहतो. मधल्या दाताला मूळ नसते. तो हिरडीला जेमतेम स्पर्श करतो, तिच्यावर दाबून बसत नाही. त्यावर पडणारा सगळा भार शेजारचे दोन दात उचलतात.

हा भार काही थोडाथोडका नसतो. रोजचे चावणे हलके असले, तरी निरोगी प्रौढ माणसाने दाढा जोराने आवळल्या तर पन्नास ते सत्तर किलो वजनाइतका दाब पडू शकतो. म्हणून पूल बांधण्याआधी खांबांची तपासणी करावी लागते. किती मूळ हाडात शिल्लक आहे, दात हलतो का, मुळाच्या टोकाशी पू आहे का, हे एक्स-रे काढून पाहतात.

आयर्विन आन्टे यांनी १९२६ साली यासाठी एक ठोकताळा सांगितला. खांब-दातांच्या मुळांचे एकूण क्षेत्रफळ हे गेलेल्या दातांच्या मुळांच्या क्षेत्रफळाइतके किंवा त्याहून जास्त असावे. खालच्या जबड्यासाठी सरासरी आकडे घेऊन हिशेब करू. पहिल्या दाढेच्या मुळांचे क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस मिलिमीटर, दुसऱ्या दाढेचे सुमारे ४२५, तर दुसऱ्या उपदाढेचे सुमारे २०५ असते. पहिली दाढ गेली असेल तर खांब होतात दुसरी दाढ आणि दुसरी उपदाढ : ४२५ + २०५ = ६३०. हे ४३० पेक्षा बरेच जास्त आहे, म्हणजे काळजी नाही. समजा, दुसरी उपदाढही गेली. आता गेलेल्या दातांचे क्षेत्रफळ ४३० + २०५ = ६३५ झाले. पुढचा खांब म्हणून पहिली उपदाढ घ्यावी लागेल, तिचे सुमारे १८०. दोन खांबांची बेरीज झाली ६०५. खांब कमी पडले. अशा वेळी आणखी एक दात खांब म्हणून घ्यावा का, की दुसरा उपाय शोधावा, असा विचार सुरू होतो.

हा ठोकताळा आहे, निसर्गनियम नव्हे. स्वीडनमधील नायमन आणि एरिकसन यांनी १९८२ साली दाखवून दिले की मुळांभोवतीचे हाड बरेच झिजलेले असूनही, हिरड्या निरोगी ठेवल्या तर पूल वर्षानुवर्षे टिकू शकतात. म्हणजे खांब किती मोठा याइतकेच त्याच्या पायाशी स्वच्छता कशी आहे यालाही महत्त्व आहे.

करून पहा : लांबी दुप्पट, वाक किती पट?

टेबलावर दोन सारख्या जाडीची पुस्तके १० सेंटिमीटर अंतरावर ठेवा. त्यांवर ३० सेंटिमीटरची प्लॅस्टिकची पट्टी आडवी ठेवा आणि मध्यभागी पाव किलोचे वजन ठेवा. पट्टी किती वाकली ते मोजा. आता पुस्तके २० सेंटिमीटर अंतरावर नेऊन तेच वजन ठेवा. मुलांना आधी अंदाज करू द्या. बहुतेक जण ‘दुप्पट वाकेल’ म्हणतील. प्रत्यक्षात पट्टी सुमारे आठपट वाकते, कारण वाक हा लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. लांबी तिप्पट झाली तर वाक सत्तावीसपट.

आता पट्टी कडेवर उभी धरून पहा. तेच वजन ठेवले तरी वाक दिसतही नाही. तुळईची उंची वाढली की वाक झपाट्याने कमी होतो.

दातांच्या पुलाला हेच नियम लागू पडतात. एका दातासाठीचा पूल भक्कम असतो. सलग दोन दात नसतील तर वाक सुमारे आठपट होतो. आणि वरचा दात खाली उतरून आला असेल तर तुळईला पुरेशी उंचीच मिळत नाही. बाईंच्या बाबतीत वरची दाढ थोडी घासून समपातळीत आणावी लागली, त्याचे कारण हेच. तीस वर्षे थांबल्याची ही किंमत.

खांब का घासावे लागतात?

पुन्हा बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. टोपी बसायची तर दातावर तिच्यासाठी जागा हवी. नाहीतर दात जाड होईल आणि तोंड मिटणार नाही. म्हणून चावण्याच्या बाजूने सुमारे दीड ते दोन मिलिमीटर आणि कडांनी एक ते दीड मिलिमीटर घासावे लागते. हे ऐकायला थोडे वाटते. पण पूर्ण टोपीसाठी तयार केलेल्या दाताचे वजन करून पाहिले, तेव्हा हिरडीवर दिसणाऱ्या भागापैकी जवळजवळ दोन तृतीयांश भाग गेलेला आढळला.

गेलेला भाग परत येत नाही. दाताचे वरचे कवच, म्हणजे इनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो. त्यात जिवंत पेशी नसतात, म्हणून हाड जसे जुळून येते तसे इनॅमल पुन्हा वाढत नाही. शिवाय दात घासताना आतली नस दुखावू शकते. काही खांब-दातांना पुढे रूट कॅनाल करावे लागते.

दुसरी अडचण दिशेची. दोन पेनांची टोपणे एका पट्टीला शेजारी शेजारी चिकटवा. चिखलाच्या गोळ्यात दोन पेने सरळ, एकमेकांना समांतर रोवा. टोपणांची जोडी दोन्ही पेनांवर एकदम बसते. आता एक पेन तिरके करा. एक टोपण बसते, तर दुसरे अडते. पूल हा एकसंध असल्यामुळे त्याचे दोन्ही खांब समांतर हवेत. मागची दाढ थोडी कललेली असेल तर जास्त घासून समांतर करता येते. फार कललेली असेल तर आधी तारा लावून ती उभी करावी लागते.

साच्यापासून भट्टीपर्यंत

घासलेल्या दातांचा साचा घेतात. त्यासाठी रबरासारखा सिलिकॉनचा लगदा वापरतात. त्या साच्यात जिप्सम ओतून दातांची प्रतिकृती मिळते. आता अनेक ठिकाणी लहानशा कॅमेऱ्याने तोंडातच त्रिमितीय चित्र घेतात.

जुनी पण अजूनही प्रचारात असलेली रीत म्हणजे धातूचा सांगाडा आणि वर चिनी मातीचा, म्हणजे पोर्सेलिनचा थर. सांगाडा आधी मेणात घडवतात, त्याभोवती साचा करून मेण वितळवून टाकतात आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. पितळेच्या मूर्ती ओतण्याची आपली जुनी पद्धतही हीच. पोर्सेलिन दाबाला भक्कम, पण ताणाला कच्चे असते. म्हणून धातू असा निवडतात की भट्टीतून काढल्यावर तो पोर्सेलिनपेक्षा किंचित जास्त आकुंचन पावेल. त्यामुळे पोर्सेलिनचा थर कायम थोडा दाबलेला राहतो आणि सहज तडकत नाही.

झिर्कोनियाच्या पुलात धातू नसतो. या पांढऱ्या पदार्थाचा ठोकळा यंत्राने कोरतात. भट्टीत तो आकसतो, म्हणून आधी मुद्दाम मोठा कोरतात. त्याचा एक गुण विलक्षण आहे. तडा जाऊ लागला की तड्याच्या टोकाशी असलेल्या स्फटिकांची रचना बदलते, ते थोडे फुगतात आणि तड्याला आवळून धरतात.

पूल मोडत नाही, खांब किडतो

वेगवेगळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की नीट केलेल्या पुलांपैकी दहा वर्षांनंतर सुमारे दहातले नऊ पूल तोंडात टिकून असतात. जे निकामी होतात, त्यांतले बरेचसे टोपीच्या कडेशी खांब-दात किडल्यामुळे होतात. टोपी धातूची किंवा पोर्सेलिनची असते, तिला कीड लागत नाही. पण टोपी जिथे संपते तिथून खाली आपलाच दात असतो. मधल्या दाताखाली अन्न साठले तर ती कडा सतत जंतूंच्या आम्लात भिजत राहते.

पूल एकसंध असल्याने दातांच्या सांदीत वरून दोरा घालता येत नाही. तो पुलाखालून ओवून घ्यावा लागतो, नाहीतर बाटली धुण्याच्या ब्रशसारखा अगदी छोटा ब्रश बाजूने घालावा लागतो. गाडगेबाबांचे बालपण ज्या दापुऱ्यात गेले, ते मूर्तिजापूर तालुक्यातच आहे. खराट्याचे महत्त्व इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको. पुलाखालचा खराटा मात्र रोज फिरवायला हवा.

विदर्भात आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते, ती म्हणजे खर्रा. तंबाखूमुळे हिरड्या आणि हाड कमजोर होते, म्हणजे खांबांचा पाया खचतो. सुपारीमुळे गालाची आतली त्वचा ताठर होऊन तोंड उघडणे कमी कमी होत जाते. दोन बोटेही आत जात नसतील तर मागच्या दाढा घासायच्या कशा, साचा घ्यायचा कसा? शिवाय अशा तोंडात कर्करोगाचा धोका असतो, तो निराळाच.

बाजारात बसून दहा मिनिटांत ‘पक्का दात’ लावून देणारे लोक असतात. ते झटपट घट्ट होणारे प्लॅस्टिक आणि तार वापरून खोटा दात शेजारच्या दातांना चिकटवतात. दिसायला तो पूलच वाटतो. पण त्याखाली साफ करायला जागाच नसते, प्लॅस्टिक हिरडीला टोचत राहते आणि काही काळाने शेजारचे चांगले दातही हलू लागतात.

मग दुसरे मार्ग कोणते?

काढता-घालता येणारी छोटी कवळी हा स्वस्त मार्ग. दात घासावे लागत नाहीत किंवा अगदी थोडे लागतात. पण ती हलते, आणि तिचा काही भार हिरडीवर पडतो.

दुसरा मार्ग इम्प्लांटचा. १९५२ साली स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातले रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण प्रयोगानंतर निघेना, कारण हाड त्याला घट्ट धरून वाढले होते. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमची कृत्रिम मुळे बसवली. इम्प्लांटला शेजाऱ्यांचा आधार लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. मात्र पुरेसे हाड हवे, मधुमेह ताब्यात हवा, तंबाखू सुटलेली बरी, आणि खर्चही जास्त येतो.

समोरचा दात गेला असेल तर मागच्या बाजूने पातळ पंखासारखा पत्रा चिकटवून बसवलेला पूलही चालतो. त्यासाठी दात फारसा घासावा लागत नाही. मागच्या दाढांसाठी तो तितका भरवशाचा नाही.

आणि काही वेळा जागा तशीच ठेवणे हाही एक उपाय असतो. सर्वांत मागची दाढ गेली असेल, बाकीच्या दातांनी चावणे नीट होत असेल आणि दात सरकत नसतील, तर प्रत्येक रिकामी जागा भरलीच पाहिजे असे नाही.

बाईंनी काय केले? त्यांच्या पुढच्या उपदाढेत आणि मागच्या दाढेत आधीच मोठी सिमेंटची भरणी होती. त्या दातांना आज ना उद्या टोपी लागणारच होती. घासण्यात नवे नुकसान कमी होते, म्हणून त्यांनी पूल निवडला. तेच दोन्ही दात धडधाकट असते, तर डॉक्टरांनी इम्प्लांटचा विचार आधी केला असता. म्हणजे बाईंच्या प्रश्नाचे उत्तर गेलेल्या दातावर अवलंबून नव्हते. ते शेजारच्या दोन दातांच्या प्रकृतीवर अवलंबून होते. डॉक्टरांकडे जाताना आपणही विचारावे : माझे खांब-दात कसे आहेत? ते घासल्याने मी किती गमावणार आहे? त्याऐवजी काय करता येईल?

सहा वर्षे, सहावा दात

या सगळ्याची सुरुवात आजीच्या एका वाक्यापासून झाली. ती चूक आजही घराघरांत होते, आणि ती टाळणे शिक्षकांच्या हातात आहे.

पहिलीतल्या मुलाच्या तोंडात मधोमध एक रेघ कल्पा आणि एका बाजूला मोजत जा. दोन पटाशीचे, एक सुळा, दोन दुधाच्या दाढा, झाले पाच. दुधाचे दात प्रत्येक बाजूला पाचच असतात. मुलाच्या सहाव्या वर्षाच्या आसपास त्यांच्या मागे सहावा दात येतो. तो येताना कुठलाच दात पडत नाही, म्हणून आल्याचे कोणाला कळतच नाही. हीच पहिली कायमची दाढ. ती गेली तर तिच्या जागी दुसरी येणार नाही. तिच्यावर खोल खाचा असतात आणि लहान मुलाचा ब्रश तिथपर्यंत पोचत नाही, म्हणून ती लवकर किडते. मुलाच्या दातातली नस मोठी असते आणि जबडा वाढत असतो, त्यामुळे त्या वयात पूल किंवा इम्प्लांट करता येत नाही.

कीड लागण्याआधी या खाचा डॉक्टर एका पातळ लेपाने बुजवू शकतात. कीड लागली तरी बहुतेक वेळा सिमेंट भरून किंवा नसेचा उपचार करून दाढ वाचवता येते. रोज दोनदा फ्लोराइडची पेस्ट लावून ब्रश अगदी मागेपर्यंत नेणे, हे तर घरीच होण्यासारखे आहे.

पहिली-दुसरीच्या वर्गात एक छोटा आरसा न्या. खिडकीच्या उजेडात मुलांना स्वतःचे दात मोजू द्या आणि कोणाचा सहावा आला त्याची फळ्यावर यादी करा. पालकसभेत ती यादी दाखवून एकच वाक्य सांगा : हा दात दुधाचा नाही. मूर्तिजापूरच्या बाई आता दरवर्षी हे करतात. मुलांना मोजण्याची मजा येते, आणि यादीत नाव आले की ते घरी जाऊन आजीलाही दाखवतात.